नऊ हार्ड डिस्का, एक लोखंडी कपाट आणि नागपूरचा उन्हाळा : नॅस घ्यावं का?

सक्करदरा_स्टुडिओ | १९ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सक्करदऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे, मी आणि दादा चालवतो. लग्नं, बारशी, मुंजी, कधीमधी शाळेचं गॅदरिंग. आजवरचा सगळा माल बाहेरच्या हार्ड डिस्कांवर आहे. मोजल्या तर नऊ भरल्या. कपाटाच्या वरच्या फळीवर ओळीनं ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीवर मार्करनं लिहिलं आहे : "२०२१ उन्हाळी", "२०२२ तुळशीच्या लग्नानंतर" वगैरे. एकीवर नुसतंच "हात लावू नये – दादा".

परवा "२०२३ उन्हाळी" लावली तर आतून टक-टक-टक. कॉम्प्युटर म्हणून राहिला की फॉरमॅट करू का. तिच्यात हिंगण्याच्या एका पार्टीचं लग्न आहे. त्यांचं अल्बमचं सिलेक्शन अजून व्हायचं आहे. हसू नका. त्यांचं पोरगं आता चालायला लागलं, पण फोटो निवडायला नवरा-बायकोला वेळ मिळून नाही राहिला.

बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका दुकानात विचारलं. तो म्हणे नॅस घ्या (नेटवर्कला जोडून ठेवायचा डिस्कांचा डबा), टू बे, दोन डिस्का टाका, सगळं दोन ठिकाणी राहते, आयुष्यभराची कटकट मिटली. तर विचारायचं होतं की हे खरं आहे का, किती मोठं घ्यावं, आणि मे महिन्यात हा डबा जगते का. आमचं दुकान पहिल्या माळ्यावर आहे, वर स्लॅब, रात्री शटर बंद.

तर्रीवाला | १९ एप्रिल, रात्री ११:२४

टू बे म्हणजे काय बे?

सक्करदरा_स्टुडिओ | १९ एप्रिल, रात्री ११:२६

डिस्क टाकायचे दोन खण, बे.

मिहान_नाईटशिफ्ट | २० एप्रिल, पहाटे ३:०५

भाऊ, बाकी सगळं नंतर. ती टक-टक करणारी डिस्क आधी काढून ठेवा आणि पुन्हा लावू नका. तो आवाज बहुतेक वेळा आतल्या हेडचा असतो. ते जागा शोधत फिरतात आणि सापडत नाही. दर वेळी चालू केली की थाळीवर आणखी ओरखडे पडायची भीती असते. नेटवरून उतरवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर तर चालवूच नका, ते डिस्क चांगली असून फाईल उडाली असेल तेव्हाचं औषध आहे. आणि फ्रीजमध्ये ठेवून पाहा असं कोणी सांगेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा.

डेटा पाहिजेच असेल तर ज्यांच्याकडे डिस्क उघडायची स्वच्छ खोली आहे अशांकडेच द्या. महाग पडते. हिंगण्याच्या पार्टीला विचारा, त्यांच्या कोण्या मामेभावाकडे पेन ड्राईव्हमध्ये कच्चे फोटो दिलेले सापडतील. लग्नघरात असा एक मामेभाऊ असतोच.

आता नॅस. मी मिहानमध्ये सर्व्हरच सांभाळतो, रात्रपाळी, म्हणून हा वेळ. मला सांगा, एका लग्नाचा माल किती होतो?

सक्करदरा_स्टुडिओ | २० एप्रिल, सकाळी १०:४०

साधारण तीन हजार रॉ फोटो, एकेक २८ एमबीच्या आसपास. व्हिडिओ फोर-के, दोन कॅमेरे, चार-चार तास धरा. १०० एमबीपीएसवर शूट करतो. वर्षाची पंचवीसेक लग्नं.

आणि मामेभाऊ निघाला! खरंच निघाला. सिलेक्शनसाठी दिलेला पेन ड्राईव्ह त्यानं गाण्यांसाठी वापरला नाही हे आमचं नशीब. व्हिडिओ मात्र गेला.

मिहान_नाईटशिफ्ट | २१ एप्रिल, पहाटे २:४०

हिशेब करा मग. फोटो झाले ८४ जीबी. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, चार तास, ३६० जीबी. म्हणजे एक लग्न साडेचारशे जीबी आणि वर्षाचे ११ टीबी. दुकानदारानं तुम्हाला टू बे मध्ये चार-चार टीबीच्या दोन डिस्का दिल्या असत्या तर आरशासारख्या लावल्यावर, म्हणजे दोन्हींवर तेच ठेवल्यावर, जागा मिळते एकाच डिस्केची. तीही विंडोजवर ३.६४ दिसते, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. नऊ लग्नांत डबा फुल्ल. उन्हाळी सीझनच निघत नाही.

दुसरी गोष्ट मी मोठ्यानं सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. आरसा म्हणजे बॅकअप नाही. रेड (अनेक डिस्का जोडून एकीसारख्या वापरायची पद्धत) म्हणजे बॅकअप नाही. रेड-१ (हाच आरसा) असो की ५ की ६, ते फक्त एवढंच करते की एक डिस्क मेली (रेड-६ मध्ये दोन) तरी दुकान चालू राहते. तुमच्या पुतण्यानं फोल्डर उडवला तर आरशातलंही त्याच क्षणी उडते. आरसा आहे न तो, तुम्ही दाढी काढली तर आरशातल्याची राहणार आहे का?

ही रेडची कल्पना १९८८ ची, बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांची. रेड या इंग्रजी नावातला आय म्हणजे इनएक्स्पेन्सिव्ह होतं, स्वस्त डिस्का जोडून महाग यंत्राची बरोबरी करायची. पुढे बाजारानं त्याचं इंडिपेंडंट करून टाकलं. किमती पाहिल्या की कळते काहून केलं ते.

भंगारातून_सोनं | २१ एप्रिल, सकाळी ९:१५

एवढे पैसे कशाला घालता? जुना डेस्कटॉप पडला असेल न दुकानात? त्यात ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, त्याचंच नॅस होते, फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालते. रॅम आठ जीबी किंवा जास्त असेल तर ट्रूनॅस टाका. पहिले त्याला फ्रीनॅस म्हणत, २०२० मध्ये नाव बदललं. त्यात झेडएफएस मिळते, मुळात सन मायक्रोसिस्टिम्सनं बनवलेली फाईल सिस्टिम. ती प्रत्येक तुकड्याचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, म्हणजे फोटो गुपचूप सडून राहिला असेल तर वाचतानाच पकडते. चार डिस्का लावायला कॅबिनेट आहेच. माझा सहा वर्षांपासून चालू आहे, एक रुपया लायसनचा नाही.

मिहान_नाईटशिफ्ट | २१ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

झेडएफएसबद्दल दुमत नाही, मी स्वतः वापरतो. पण दोन गोष्टी. जुना डेस्कटॉप चोवीस तास ८० वॉट ओढते असं धरा, महिन्याचे ५७-५८ युनिट झाले. चार खणांचा तयार डबा डिस्कांसकट ३५ च्या आसपास, म्हणजे २५ युनिट. फरक महावितरणच्या बिलात दर महिन्याला येते.

आणि दुसरं, तो बिघडला की कोण पाहणार? तुम्ही पाहता कारण तुम्हाला आवड आहे. या भाऊंना वरात निघाली असताना टर्मिनल उघडायला लावाल का?

भंगारातून_सोनं | २१ एप्रिल, रात्री ८:०२

हे मान्य. माझी बायकोही हेच म्हणते, शब्द वेगळे असतात.

इतवारी_वहीखाते | २२ एप्रिल, दुपारी २:३०

मी इतवारीत एका धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे अकाउंट पाहतो. आमच्याकडे टू बे आहे आणि आम्हाला पुरून उरलं. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली बिलं, ई-वे बिलं, एवढंच. पाच वर्षांत अर्धा टीबी भरला नाही. म्हणजे धंदा पाहून घ्यावं, फोटोवाल्याचं माप आम्हाला नको आणि आमचं त्यांना.

टॅलीवाल्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. डेटा फोल्डर नॅसवर ठेवला तर चालते, पण कॉम्प्युटर वायरनं जोडा. आमच्या एका पोरानं लॅपटॉप वायफायवर ठेवून एंट्र्या मारल्या, मध्येच वायफाय गेलं आणि टॅलीतली कंपनीची फाईल उघडेना. तेव्हापासून टॅलीचा स्वतःचा बॅकअप रोज संध्याकाळी वेगळ्या फोल्डरला, दिवा लावायच्या आधी. सिल्व्हर लायसन एकाच कॉम्प्युटरचं असते, नॅस घेतलं म्हणून चार जण एकदम बसू शकत नाहीत, ते गोल्डलाच होते. हे विकणारा सांगत नाही.

जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजचा रोज पाहिजे. आमची भागीदारी आहे, आम्हाला तो नियम नाही, पण शेठजींना सांगितलं नाही. रोजचीच सवय बरी.

गोरेवाडा_आजोबा | २२ एप्रिल, सायंकाळी ५:१५

मी निवृत्त शिक्षक. धागा वाचून माझीही शंका विचारतो. गुगल फोटोज १ जून २०२१ पासून विनामूल्य अमर्याद राहिले नाही, तेव्हापासून "जागा संपली" असा निरोप येत असतो. दोन नातवंडांचे फोटो, सौ.च्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज, आणि माझ्या वडिलांची स्कॅन केलेली पत्रे. एकूण ३०० जीबी होतील. मुलगा बंगळुरूहून म्हणतो की बाबा नॅस घ्या. घ्यावे काय?

मिहान_नाईटशिफ्ट | २३ एप्रिल, पहाटे १:२०

काका, नका घेऊ. ३०० जीबीसाठी चोवीस तास फिरणारं यंत्र, त्याचे अपडेट, त्याचा यूपीएस, हे सगळं सांभाळायला मुलगा बंगळुरूला आणि दर रविवारी फोनवर "बाबा, कुठला दिवा लागला आहे?" असं चालणार. एक-एक टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्का घ्या, दोन्हींवर तेच भरा, एक घरी आणि एक मुलीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. वर्षातून दोनदा, गुढीपाडवा आणि दसऱ्याला, दोन्ही लावून पाहा आणि नवं भरा. पत्रं तेवढी क्लाउडवरही टाका, ती पुन्हा कोणी लिहिणार नाही.

गोरेवाडा_आजोबा | २३ एप्रिल, सकाळी ६:०५

धन्यवाद. पाडवा आणि दसरा हे फार आवडले. मुलाला आपला निरोप अग्रेषित केला आहे.

रामदासपेठ_लॅब | २३ एप्रिल, रात्री ९:४५

आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, रिपोर्ट आणि एक्स-रेच्या फाईली नॅसवर असतात. मी डॉक्टर, कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, पण एक गोष्ट जीव तोडून सांगते. बसवणाऱ्या माणसाला "घरूनही रिपोर्ट दिसले पाहिजेत" असं म्हणू नका. म्हटलं की तो राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देतो आणि बिल घेऊन जातो. आमच्याकडे तसंच केलं होतं, युजरचं नाव ॲडमिन आणि पासवर्ड लॅबच्या नावापुढे १२३. एका सोमवारी सकाळी सगळ्या फाईली कुलूपबंद, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. पेशंट बाहेर बसलेले. तपासणीच्या मशीनमध्ये पंधरा दिवसांचे रिपोर्ट असतात, तेवढे वाचले. आधीचे काही लोकांनी व्हॉट्सॲपवरून परत पाठवले, म्हणजे आम्ही पेशंटकडून त्यांचेच रिपोर्ट मागत होतो. फार लाज वाटली.

मिहान_नाईटशिफ्ट | २४ एप्रिल, पहाटे ३:३०

ताई, तुम्ही एकट्या नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाचं खंडणीचं व्हायरस आलं, त्यानं क्यूनॅप कंपनीच्या नॅस डब्यांतल्या फाईली सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड टाकून बंद केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये डब्ल्यूडीचे (वेस्टर्न डिजिटल) जुने माय बुक लाइव्ह डबे जगभर दुरून पुसले गेले, लोक सकाळी उठले तर डबा कोरा. जानेवारी २०२२ मध्ये क्यूलॉकरसारखंच डेडबोल्ट. सगळ्यांत एक गोष्ट सारखी : डबा थेट इंटरनेटवर उघडा होता.

करायचं काय? राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडून देणारी सोय) बंद. ॲडमिन नावाचं खातं बंद, दुसऱ्या नावानं नवं. दोन टप्प्यांचं लॉगिन. एसएमबी-१ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) बंद, वॉनाक्राय व्हायरस त्याच दारानं पसरलं होतं २०१७ ला. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, कुलूपबंद वाट), टेलस्केल वगैरे. तसंही बऱ्याच फायबर कनेक्शनवर आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही, शंभर गिऱ्हाइकांत एक वाटून देतात. त्यामुळे पोर्ट उघडून काही होत नाही आणि टेलस्केल तिथेही चालते.

आणि स्नॅपशॉट चालू करा. दर तासाला डबा आपला फोटो काढून ठेवतो असं समजा, फक्त बदललेल्या तुकड्यांची जागा घेते. पुतण्या असो की व्हायरस, तासाभरापूर्वीचं परत आणता येते. ज्या मॉडेलवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस फाईल सिस्टिम आहे त्याच्यावरच हे नीट होते, म्हणून सगळ्यात स्वस्त मॉडेल घेण्याआधी एवढं एक विचाराच.

तर्रीवाला | २४ एप्रिल, सकाळी ८:५०

हा मिहानवाला भाऊ झोपते कधी?

अंबाझरी_लेआउट | २४ एप्रिल, रात्री १०:३०

मी सहसा लिहीत नाही, पण दुकानदाराचं "सगळं दोन ठिकाणी राहते" वाचून राहवलं नाही.

मी आर्किटेक्ट. घराच्या तळमजल्यावरच ऑफिस. फोर बे नॅस होतं, रेड-५, त्याच्या शेजारी बॅकअपची बाहेरची डिस्क, खाली यूपीएस. सगळं नियमात. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. रात्रभर धो-धो, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं आपली जुनी जागा परत मागितली. मला जाग आली ती सोफा भिंतीला धडकल्याच्या आवाजानं. ऑफिसचं दार उघडेना. पाणी उतरल्यावर पाहिलं, तर यूपीएस, नॅस, बॅकअप डिस्क, तिन्ही एकाच टेबलाखाली, एकाच चिखलात.

वीस वर्षांची ड्रॉइंगं. काही क्लायंटच्या मेलमध्ये सापडली, काही महापालिकेत मंजुरीला दिलेल्या कागदांवरून पुन्हा काढली. एक डिस्क रिकव्हरीवाल्यानं धुऊन वाचवली. पण रेड-५ मध्ये एका डिस्केवर कुठलीच फाईल अख्खी नसते, पट्ट्या पट्ट्या वाटलेल्या असतात. चारपैकी तीन तरी लागतात. दोन मिळाल्या.

तर भाऊ, दोन ठिकाणं म्हणजे दोन पत्ते. दोन खण नव्हे.

इतवारी_वहीखाते | २४ एप्रिल, रात्री १०:५५

काय बोलावं, साहेब. आमच्या एका व्यापाऱ्याचं बर्डीवरचं दुकान त्याच दिवशी गेलं, झाशी राणी चौकाकडून पाणी आलं होतं.

मी उद्याच आमच्या डब्याची जागा पाहतो. तोही खालीच आहे, गणपतीच्या फोटोखाली.

सक्करदरा_स्टुडिओ | २५ एप्रिल, रात्री १२:१५

मी दादाला हे सगळं वाचून दाखवलं. तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणे, "ठीक आहे, पण कूलर कुठे लावायचा?"

भंगारातून_सोनं | २५ एप्रिल, सकाळी ९:४०

दादाचा प्रश्न बरोबर आहे. माझी पहिली डिस्क कूलरनंच खाल्ली. लोकांना वाटते थंड हवा म्हणजे चांगली. कूलरच्या झोतात ओल असते, बोअरच्या पाण्याचे क्षार असतात आणि ताडीतून... ताडी नाही, वाळ्याच्या पडद्यातून उडणारा भुसाही. माझ्या पीसीच्या बोर्डावर पांढरा थर चढला होता, पापडखार सांडल्यासारखा. डबा कूलरच्या खोलीत चालेल, तोंडासमोर नको.

मिहान_नाईटशिफ्ट | २६ एप्रिल, पहाटे २:१०

उन्हाचं सांगतो. नॅसच्या डिस्का कागदावर ६०-६५ अंशांपर्यंत चालतात, तो आकडा डिस्केचा आहे, खोलीचा नाही. चालती डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असते. आपल्याकडे २०१३ च्या मे मध्ये ४७.९ गेलं होतं. २०२४ ला ५६ ची बातमी आली, ते यंत्रच बिघडलं होतं असं नंतर निघालं, पण स्लॅबखाली बसलेल्या माणसाला खोटं वाटलं नसेल. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) शटर बंद खोलीत दुपारी ४२-४३ धरा, डिस्क ५५ च्या वर गेलीच. लगेच मरणार नाही, पण मी तिला तिथे राहू देणार नाही.

पंखा "शांत"वरून "थंड"वर टाका, आवाज येईल, येऊ द्या. ५० ला ईमेलची सूचना लावा. डबा छताजवळच्या पोटमाळ्यावर नको, गरम हवा वर जाते, आणि जमिनीवरही नको, कारण वर वाचलंच. तुमच्या कपाटाची मधली फळी, दार काढून टाका. यूपीएसचं मात्र विसरू नका. ६०० व्हीएचा साधा पुरतो, पण यूएसबीची डेटा केबल असलेलाच घ्या, म्हणजे लाइट गेल्यावर तो डब्याला सांगतो आणि डबा फाईली नीट मिटून झोपतो. इन्व्हर्टर घरभर चालवतो, पण बॅटरी संपत आली हे डब्याला सांगत नाही. पहिल्या पावसात लाइट दहा वेळा ये-जा करते, तेव्हाच फाईल सिस्टिम फाटते.

डिस्का घेताना : डब्ल्यूडी रेड नावातला रेड म्हणजे लाल, आपला रेड नव्हे. २०२० मध्ये उघडकीला आलं की त्यातल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्का एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि पाकिटावर तसं लिहिलं नव्हतं. एसएमआर म्हणजे कौलारू छप्पर. पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या, मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. रेडमध्ये नवी डिस्क भरताना ती धापा टाकते. म्हणून सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली) विचारून घ्या : रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी, प्रोला पाच. बिल भारतातलं घ्या, बाहेरून आणलेल्या स्वस्त मालाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

सिनॉलॉजी कंपनीचं नॅस घेणार असाल तर एक. २०२५ च्या प्लस मॉडेलांना त्यांनी आपल्याच यादीतल्या डिस्का लागतील अशी अट घातली होती. लोक भडकले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या डीएसएम ७.३ या सॉफ्टवेअरसोबत ती सोडली. जुने व्हिडिओ पाहून घाबरू नका, पण सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या.

तर्रीवाला | २६ एप्रिल, सकाळी ९:००

ताडी म्हणाला तो भाऊ. कोणी लक्ष दिलं का?

सक्करदरा_स्टुडिओ | ११ जून, रात्री १०:५०

मंडळी, सीझन संपला, आता लिहायला फुरसत मिळाली.

फोर बे घेतलं. आठ टीबीच्या तीन डिस्का, रेड-५, म्हणजे वापरायला दोन डिस्कांची जागा. चौथा खण रिकामा, पुढच्या वर्षीच्या पैशांसाठी. डबा, डिस्का, यूपीएस मिळून लाखाच्या वर गेलं. दादानं दोन दिवस माझ्याशी सरळ बोलणं टाकलं.

पहिल्याच दिवशी फजिती. फाईली चढून राहिल्या होत्या सेकंदाला अकरा एमबीनं. एक लग्न चढायला अकरा तास! मला वाटलं डबाच खराब दिला. मिहानच्या भाऊंना इथे मेसेज टाकला, त्यांनी एकच विचारलं : नेटवर्क स्विचवरचा दिवा हिरवा आहे की पिवळा? आमच्या स्विचवर पिवळा म्हणजे १०० एमबीपीएस. वायरवाल्यानं केबलच्या आठ तारांपैकी चारच टोचल्या होत्या, बाकीच्या चार कापून टाकल्या. १०० ला चार चालतात, गिगाबिटला (दहापट वेगाला) आठही लागतात. नव्या क्लिपा लावल्या, सेकंदाला शंभर एमबीच्या वर गेलं. सव्वा तासात लग्न उतरते आता.

एडिटिंग मात्र आधी कॉम्प्युटरच्या एसएसडीवरच करतो, काम झालं की डब्यात. थेट डब्यावरून दोघं एकदम बसलो की अडकते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट घेण्याआधी झाली. ११ टीबीचा हिशेब पाहून दादा म्हणे, एवढं ठेवतो तरी कशाला? बसलो, नऊही डिस्का उघडल्या (आठ म्हणा). अर्धा माल म्हणजे हललेले शॉट, टेस्ट क्लिपा, एकच फोल्डर तीन-तीन डिस्कांवर, "फायनल", "फायनल नवा", "फायनल खरा". आता पार्टीला लेखी सांगतो : अल्बम आणि फिल्म दिल्यावर कच्चा माल एक वर्ष. तयार फिल्म आणि निवडलेले फोटो कायम. ते लग्नामागे चाळीसेक जीबीच होतात.

दुसरा पत्ता : दोन बाहेरच्या डिस्का, आलटून-पालटून. दर रविवारी एक मानेवाड्याला घरी, दुसरी दुकानात. तयार फिल्मा क्लाउडवरही जातात, दोन टीबीचा प्लॅन घेतला. पहिल्यांदा चढवायला पाच दिवस लागले.

नवतपात डिस्क ५१ पर्यंत गेली. ईमेल आला. दुकानात जाऊन पंखा लावून आलो, दुपारी दोनला, रुमाल बांधून. आई म्हणे, लेकराला ताप आल्यासारखा पळाला.

अंबाझरी_लेआउट | १२ जून, सकाळी ७:३०

छान केलंत. एक विचारू? बॅकअपमधून काही परत आणून पाहिलं का?

सक्करदरा_स्टुडिओ | १२ जून, सकाळी ११:०५

नाही साहेब. रोज हिरवी टिक येते न.

अंबाझरी_लेआउट | १२ जून, सकाळी ११:२०

माझ्याकडेही यायची. एक लग्न निवडा आणि डब्याला हात न लावता फक्त घरच्या डिस्केवरून उघडून पाहा.

सक्करदरा_स्टुडिओ | १४ जून, रात्री ११:४५

साहेब, पाया पडतो.

घरची डिस्क लावली. फोटो आहेत. व्हिडिओ नाहीत. एकही नाही. झालं असं, बॅकअप लावला तेव्हा "फोटो" हा एकच फोल्डर होता आणि त्याच्यावर टिक केलं. पंधरा दिवसांनी दादानं "व्हिडिओ" असा वेगळा फोल्डर बनवला. नवा फोल्डर यादीत आपोआप येत नाही. हिरवी टिक खरीच होती, जेवढं सांगितलं तेवढं ती इमानदारीनं करून राहिली होती. सहा लग्नांचे व्हिडिओ एकाच पत्त्यावर होते.

आता यादीत टाकलं. रात्रभर चालू राहील. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक लग्न परत आणून पाहायचं, कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलं आहे, एकादशीच्या खाली.

मिहान_नाईटशिफ्ट | १५ जून, पहाटे २:५५

हे माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं. चुकलो. आमच्या ऑफिसात यासाठी वेगळी तारीख असते, म्हणून मला वाटलं सगळ्यांकडे असेल.

इतवारी_वहीखाते | १५ जून, दुपारी १:१०

आम्ही आज करून पाहिलं. टॅलीचा बॅकअप परत आला, पण मार्चपर्यंतचाच. एप्रिलपासून नव्या वर्षाची कंपनी वेगळी केली होती. शेठजी विचारून राहिले घाम काहून आला. म्हटलं उकडते.

तर्रीवाला | १५ जून, दुपारी १:३०

पाऊस येऊन राहिला आहे. इतवारीवाले भाऊ, गणपतीखालचा डबा उचलला का?

इतवारी_वहीखाते | १५ जून, दुपारी १:३४

उचलला. आता गणपती खाली आहे.

सक्करदरा_स्टुडिओ | १५ जून, रात्री ९:२०

😂

बाकी, जुन्या आठ डिस्का रिकाम्या झाल्या. दादा फेकू देत नाही. त्याच मधल्या फळीवर डब्याच्या शेजारी ठेवल्या होत्या, हवा अडून राहिली म्हणून मी उचलून वर ठेवल्या. "हात लावू नये" वालीत काय होतं ते शेवटी पाहिलं : त्याच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो. वहिनी आठ वर्षांपासून अल्बम मागून राहिली आहे.